वेगळ्या रंगाचे खोकड

अंगुराचा घड हाती लागला नाही, म्हणून लोमडी काय म्हणाली, हे तुम्हांला ठाऊक आहे. मराठीत हीच गोष्ट 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या म्हणीने सांगतात. पण येथे एक गंमत आहे. तुमची लोमडी म्हणजे मराठीतला कोल्हा नव्हे! उर्दूत ज्याला गीदड म्हणतात, तो मराठीत कोल्हा. भेडिया म्हणजे लांडगा. आणि लोमडी म्हणजे खोकड. नाव चुकले की प्राणी चुकतो. म्हणून आधी नावे नीट लक्षात ठेवा.

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत आणि दक्षिणेला गोदावरी नदी आहे. या दोहोंच्या मध्ये शेते, गायराने आणि माळराने पसरली आहेत. खोकडाला अशीच उघडी जागा आवडते. ते दाट जंगलात राहत नाही. ते जमिनीत बीळ खोदते आणि त्या बिळाला अनेक तोंडे ठेवते. संध्याकाळ झाली की ते बाहेर पडते. उंदीर, टोळ, वाळवी, सरडे आणि बोरे हे त्याचे खाणे. उंदीर खाणारा प्राणी शेतकऱ्याचा मित्रच म्हणायचा.

खोकड अंगाने लहान असते. त्याचे वजन साधारण २ ते ३ किलो भरते. कोल्हा ८ ते १० किलोंचा असतो. खोकडाची पाठ करडी, पोट फिकट आणि पाय तांबूस-पिवळे असतात. कान मोठे व टोकदार असतात. शेपटी झुपकेदार असते. तिचे टोक काळे असते. ही खूण सर्वांत महत्त्वाची आहे. राजस्थानात आणि कच्छमध्ये वाळवंटी खोकड आढळते. त्याच्या शेपटीचे टोक मात्र पांढरे असते.

आता समजा, गावात कोणी सांगितले, "आज माळावर काळे खोकड दिसले." तर काय समजावे? लगेच विश्वास ठेवू नये आणि लगेच हसूही नये. आधी साधी कारणे तपासावीत. मावळतीच्या उन्हात करडा रंग तांबडा दिसतो. सूर्य प्राण्याच्या मागे असेल, तर तोच प्राणी काळा दिसतो. काळ्या जमिनीत बीळ खोदणाऱ्या खोकडाच्या अंगाला माती लागते. हिवाळ्यात केस दाट असतात. उन्हाळ्यापूर्वी ते गळू लागले की अंगावर ठिगळे लावल्यासारखी दिसतात.

दुसरे कारण आहे रोग. खरजेचे बारीक किडे कातडीत शिरले की केस झडतात. कातडी जाड व राखी दिसू लागते. शेपटी उंदराच्या शेपटीसारखी होते. असे खोकड पाहून लोक त्याला भलताच प्राणी समजतात. खरे तर ते बिचारे आजारी असते. गावातील मोकाट कुत्र्यांकडूनही वन्य प्राण्यांना रोग होतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर अभ्यासकांनी खोकडांचे रक्त तपासले. तेव्हा कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या रोगांच्या खुणा त्यात सापडल्या.

ही कारणे नसतील, तर मात्र रंग खरोखरच वेगळा असू शकतो. केसांचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे ठरतो. त्याचा एक प्रकार काळा-तपकिरी आणि दुसरा लालसर-पिवळा असतो. काळा प्रकार फार वाढला, तर प्राणी काळा होतो. रंगद्रव्य अजिबात तयार झाले नाही, तर केस पांढरे होतात आणि डोळेही गुलाबी दिसतात. केस पांढरे, पण डोळे नेहमीसारखे काळसर असतील, तर ती अवस्था निराळी असते. म्हणून पांढरा प्राणी दिसला की त्याचे डोळे पाहावेत. थंड देशांतील लाल खोकडांमध्ये काळी-रुपेरी खोकडेही जन्मतात. रशियात १९५९ साली शास्त्रज्ञांनी अशी रुपेरी खोकडे माणसाळवण्याचा प्रयोग सुरू केला. ती पिढ्यान्‌पिढ्या माणसाळत गेली, तशी काहींच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले.

वेगळा रंग कधीकधी मोठी बातमी सांगतो. पुण्याजवळच्या माळावर पिवळसर रंगाचा एक लांडगा अभ्यासकांच्या नजरेस पडला. लांडग्याला हा रंग शोभत नव्हता. त्याची जनुके तपासली, तेव्हा तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचे सिद्ध झाले. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. असे संकर वाढले, तर अस्सल लांडगे उरणार नाहीत, ही त्यातली काळजी. कोणीतरी रंगाकडे नीट पाहिले, म्हणून हे कळले. खोकडाचे मात्र कुत्र्याशी इतके जवळचे नाते नाही. म्हणून वेगळ्या रंगाचे खोकड दिसले, तर ते कुत्र्याचे पिल्लू असेल, असे म्हणू नये.

तुम्हांला असा प्राणी दिसला, तर दूरच थांबा. शेपटीचे टोक, कान, डोळे आणि अंगाचा आकार पाहा. रंग शेवटी पाहा. तारीख, वेळ, जागा आणि ऊन कोणत्या बाजूला होते, हे वहीत लिहा. जे दिसले नाही, ते लिहू नका. मग शिक्षकांना किंवा वनरक्षकांना सांगा. प्राणी झोकांड्या खात असेल किंवा माणसाला भीत नसेल, तर त्याच्या जवळ जाऊ नका. तो चावलाच, तर जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित दवाखान्यात जा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खोकडाला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे. तरीही वेगळे काही दिसले की लोक आधी दगड उचलतात. 'हा प्राणी अशुभ आहे, पिसाळलेला आहे,' अशी आवई उठते आणि एक निरपराध जीव जातो. तुमच्यापैकी एकाने जरी "थांबा, आधी नीट पाहू या," असे म्हटले, तरी तो जीव वाचेल.

स्वाध्याय
१. लोमडी, गीदड आणि भेडिया यांना मराठीत काय म्हणतात?
२. खोकडाचा रंग वेगळा दिसण्याची तीन कारणे लिहा.
३. रंग शेवटी का पाहावा? तुमच्या शब्दांत सांगा.