क्लोरीनयुक्त कार्बनी संयुगे

ज्या कार्बनी संयुगांच्या रेणूंत क्लोरीन असतो अशी संयुगे. बहुतेकांत क्लोरीन अणू कार्बन अणूला सरळ जोडलेला असतो. काही कार्बनी-धातू संयुगांत तो धातूच्या अणूला जोडलेला आढळतो. क्लोरोफॉर्म, व्हिनिल क्लोराइड इत्यादींचे औद्योगिक महत्त्व मोठे आहे. शेतीतील उपयोगांची विविधता मात्र सातारा व सांगली जिल्ह्यांतील ऊस आणि द्राक्ष या दोन पिकांवरूनच चांगली लक्षात येते.

कार्बन-क्लोरीन बंध फ्ल्युओरिनाच्या बंधाहून दुर्बळ, परंतु ब्रोमिनाच्या बंधाहून बळकट असतो. मिठाच्या विद्रावाच्या विद्युत् विच्छेदनाने क्लोरीन स्वस्त मिळतो. बंध टिकणार की तुटणार, हे मुख्यतः शेजारच्या अणूंवर व रेणूच्या आकारावर अवलंबून असते.

कृष्णाकाठच्या उसात हुमणी व वाळवी यांच्यासाठी बेंझीन हेक्झॅक्लोराइडाची (बीएचसी) १० टक्के भुकटी सरीत मिसळीत असत. मायकेल फॅराडे यांनी हे संयुग १८२५ मध्ये बेंझिनावर सूर्यप्रकाशात क्लोरिनाची विक्रिया करून मिळविले. औद्योगिक पदार्थ अनेक समघटकांचे मिश्रण असतो व त्यातील फक्त गॅमा समघटक (सु. १० ते १५ टक्के) प्रभावी कीटकनाशक असतो; बाकीचा भाग जमिनीवर निष्कारण भार ठरतो. त्यातही बीटा समघटकाच्या सर्व सहा क्लोरीन अणूंची मांडणी अशी असते की, हायड्रोजन क्लोराइड सहज बाहेर पडू शकत नाही. म्हणून तो सर्वांत चिवट असून मातीत व प्राण्यांच्या मेदात साठून राहतो. भारतात या मिश्रणावर १९९७ मध्ये बंदी आली.

उसाच्या लागणीपूर्वी टिपऱ्या मेथॉक्सिएथिल मर्क्युरिक क्लोराइडाच्या विद्रावात बुडवीत. एथिलीन, मेथॅनॉल व मर्क्युरिक ॲसिटेट यांच्या विक्रियेने मिळणाऱ्या ॲसिटेटावर मिठाची विक्रिया केली की, हे क्लोराइड तयार होते. यात क्लोरीन पाऱ्याला जोडलेला असतो आणि कवकाच्या एंझाइमांतील गंधकयुक्त गटांशी संपर्क येताच त्याची जागा गंधक घेतो. एंझाइम निकामी होते. कवकनाशक म्हणून ते उत्तम होते, पण पारा मूलद्रव्यच असल्यामुळे त्याचे विघटन होणे शक्य नसते व वापरलेला विद्राव शेवटी पाटात किंवा बांधावर ओतला जाई. २०१८ मध्ये त्यावर बंदी आली. बेणेप्रक्रियेसाठी वापरण्यात येणाऱ्या कार्बेंडाझिमात पाराही नाही आणि क्लोरीनही नाही.

तासगाव, मिरज भागातील द्राक्षबागांत दोन संयुगे विशेष परिचित आहेत व दोन्हींत क्लोरोएथिल हाच गट आहे. एथेफॉनामध्ये तो फॉस्फॉनिक अम्लाला जोडलेला असतो. अम्लीय विद्रावात ते टिकते. पानातील कमी अम्लीय रसात शिरताच फॉस्फोनेट गटामुळे कार्बन-क्लोरीन बंध तुटून एथिलीन, क्लोराइड व फॉस्फेट ही निर्माण होतात. एथिलिनामुळे पाने गळतात व ऑक्टोबर छाटणीपूर्वीची पानगळ साधते. क्लोरमेक्वाट क्लोराइडामध्ये (सीसीसी) तोच गट धन विद्युत् भारित नायट्रोजनाला जोडलेला असून जलीय विद्रावात बंध स्थिर राहतो. १,२-डायक्लोरोएथेन व ट्रायमेथिल अमाइन यांपासून ते बनते. जिबरेलिनांची निर्मिती रोखून ते एप्रिल छाटणीनंतरच्या फुटीची वाढ आवरते व घडधारक डोळे वाढविते. जमिनीतील सूक्ष्मजंतू त्याचे लवकर विघटन करतात. वेलीत मात्र ते दीर्घकाळ राहते. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांच्या अनेक खेपा यूरोपात याच अवशेषांमुळे नाकारल्या गेल्या. तेथील मर्यादा किलोग्रॅममागे ०.०५ मिलिग्रॅम होती. बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले, आणि विशेष म्हणजे फवारणी त्या फळांवर नव्हे, तर काही महिने आधी कोवळ्या फुटीवर झालेली होती.

ऊस व द्राक्ष यांची शेते लगतची असतात, त्यामुळे २,४-डायक्लोरोफिनॉक्सिॲसिटिक अम्ल (२,४-डी) हे तणनाशक वापरताना वारा पाहावा लागतो. उसासारख्या एकदलिकित वनस्पतीस ते सहन होते. त्याच्या बाष्पनशील एस्टराचे अत्यल्प बाष्पही वेलीवर पोहोचल्यास पाने पंख्यासारखी आकसतात व शिरा जवळजवळ येतात.