पुरळ एक, संशयित पाच

उन्हाळ्याच्या सुटीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. तिच्या मागोमाग तिच्या नावाची एक पेटी कुरिअरने येऊन दाखल झाली. पेटीत पाच चिमुकल्या वस्तू होत्या : फेसवॉश, काचेच्या इवल्याशा बाटलीत सीरम, रात्री लावायचे सुगंधी क्रीम, सनस्क्रीन आणि ओठांसाठी लिप बाम. दरमहा ठरावीक वर्गणी भरली की असे नवे नवे नमुने घरपोच येतात, असे तिने मला समजावून सांगितले. त्याच संध्याकाळी आरशासमोर बसून तिने पाचही वस्तू लावून पाहिल्या. बाहेर अंधार पडला होता, तरी सनस्क्रीनसुद्धा! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गालांवर आणि मानेवर लाल पुरळ उठले होते. आठवड्यावर घरातले लग्न आलेले. रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "मामा, तू एवढं फिजिक्स शिकवतोस ना? मग यातलं वाईट कुठलं, ते सांग."

मला सांगता येईना. आणि का सांगता येईना, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

शितावरून भाताची परीक्षा

अशा पेट्यांची चाल फार जुनी नाही. २०१० साली न्यूयॉर्क शहरात कॅटिया बोशॅम्प आणि हेली बार्ना या दोघींनी 'बर्चबॉक्स' नावाची कंपनी काढली. महिना दहा डॉलरना चार-पाच सौंदर्यप्रसाधनांचे छोटे नमुने टपालाने पाठवायचे आणि आवडले तर मोठी बाटली विकत घ्यायची, अशी ती योजना होती. थोड्याच वर्षांत आपल्याकडेही अशा पेट्या मिळू लागल्या.

कल्पना वाईट नाही. आपली आईही शितावरून भाताची परीक्षा करतेच की! पण ही परीक्षा खरी का ठरते, याचा कधी विचार केला आहे का? पातेल्यातले प्रत्येक शीत एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेले असते. म्हणून एक शीत सगळ्या भाताच्या वतीने बोलू शकते. नमुन्याच्या ट्यूबमधले क्रीमही मोठ्या ट्यूबमधल्या क्रीमच्या वतीने बोलते, यात शंका नाही. त्याचा वास, दाटपणा, चिकटपणा एका बोटात कळतो. परंतु एका दिवसाचा वापर महिन्याभराच्या वापराच्या वतीने बोलू शकत नाही. ते शीत वेगळ्याच पातेल्यातले!

आरशातली चमक कुठून आली?

"पण मामा, क्रीम लावल्याबरोबर चेहरा खरंच छान दिसत होता," भाची म्हणाली. तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. आता त्याचे कारण पाहू.

गरम भजी कागदावर ठेवली की तेलाचा डाग पडतो आणि तेवढा कागद अर्धपारदर्शक होतो. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. तंतूंच्या मधल्या फटींत हवा असते. हवेचा अपवर्तनांक सुमारे १, तर तंतूंचा सुमारे १.५. तंतूतून हवेत, हवेतून तंतूत असा प्रवास करताना प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो, परावर्तित होतो आणि चहूकडे विखुरतो. म्हणून कागद पांढरा दिसतो. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७, म्हणजे तंतूंच्या अगदी जवळचा. फटींत हवेऐवजी तेल शिरले की प्रकाशाला अडथळा जाणवत नाही आणि तो सरळ आरपार जातो.

कोरड्या त्वचेचे असेच आहे. तिच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींचे बारीक खवले असतात. कोरडेपणाने त्यांच्या कडा उचलल्या जातात, मध्ये हवा शिरते आणि त्वचा पांढुरकी, निस्तेज दिसते. थंडीत नखाने पायावर ओढलेली पांढरी रेघ आठवा. क्रीममधील तेलाने या फटी भरल्या की विखुरणे कमी होते आणि त्वचा तुकतुकीत दिसते. काही क्रीममध्ये अभ्रकाचे सूक्ष्म कणही घातलेले असतात. ते इवल्या आरशांसारखे प्रकाश परतवतात.

म्हणजे त्या संध्याकाळी बदलला तो प्रकाशाचा मार्ग. त्वचा होती तीच होती. हेच काम खोबरेल तेलाचे बोटही करते. लक्षात ठेवा : लावल्याबरोबर दिसणारा फरक बहुधा प्रकाशशास्त्राचा असतो.

मग त्वचेतला खरा फरक कधी दिसेल? खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे दोन-तीन वेळा पुरणाऱ्या पुडीवरून 'गुण आला' किंवा 'गुण आला नाही' असे म्हणणे म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी पीक मोजायला जाण्यासारखे आहे.

अपायाचेही तेच. ॲलर्जीचे पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा उठते. शरीराला पूर्वी न भेटलेल्या पदार्थाची ॲलर्जी निर्माण व्हायला तर आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. तोवर नमुना संपून पुडी कचऱ्यात गेलेली असते!

सनस्क्रीनचे गणित

आता वहीपेन्सिल घ्या. सनस्क्रीनवर 'एस.पी.एफ. ३०' असा आकडा असतो. त्याचा सोपा अर्थ असा, की त्वचा भाजवणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे १/३० भाग, म्हणजे ३.३ टक्के, आत पोचतो. परंतु हा आकडा प्रयोगशाळेत काढताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा लेप लावतात. चेहरा आणि मान मिळून क्षेत्रफळ अंदाजे ६०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे एका वेळेला १२०० मिलिग्रॅम, सव्वा ग्रॅमच्या आसपास सनस्क्रीन हवे. पाच ग्रॅमची नमुना-ट्यूब चार वेळांतच संपली पाहिजे. माझी भाची ती 'महिनाभर पुरवणार' होती!

काटकसर करून निम्माच लेप लावला तर? संरक्षण निम्मे होऊन १५ वर येईल, असे तुम्ही म्हणाल. थांबा. पूर्ण लेप म्हणजे एकावर एक दोन अर्धे लेप समजा. प्रत्येक अर्धा लेप सारखाच अंश आत सोडतो. तो अंश 'क' मानला तर क × क = १/३०, म्हणून क = सुमारे १/५.५. म्हणजेच १८ टक्के किरण आत! प्रत्यक्षात लेप सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे आकडा थोडा वेगळा येईल. पण हात आखडता घेतल्यास संरक्षण फार घसरते, हे खरे.

एका वेळी एकच

आता पुन्हा पुरळाकडे वळू. पाच वस्तू एकदम लावणे म्हणजे एका समीकरणात पाच चल. असे समीकरण सुटत नाही, हे आठवी-नववीचा विद्यार्थीही सांगेल.

१७४७ साली जेम्स लिंड हा ब्रिटिश आरमारातील वैद्य 'सॅलिसबरी' नावाच्या जहाजावर होता. खलाशांना स्कर्व्ही झाला होता. त्याने सारखीच लक्षणे असलेले बारा रोगी निवडले, सर्वांना सारखेच जेवण दिले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला एकच वेगळा उपाय : कोणाला सफरचंदाची आंबवलेली सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी, तर एका जोडीला संत्री आणि लिंबे. संत्री-लिंबे खाणारी जोडी थोड्याच दिवसांत सुधारली. लिंडने दयाबुद्धीने बाराही जणांना सहाही उपाय दिले असते, तर सगळेच बरे झाले असते. पण कशाने, ते मात्र कळले नसते.

आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सर्व वस्तू बंद करायला सांगून औषध दिले. लग्नात भाचीने फोटोंना पाठ दाखवली. पुरळ पूर्ण गेल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आम्ही लिंडची वाट धरली. लिप बाम ओठांपुरताच होता, म्हणून तो वगळला. उरलेल्या चारांपैकी एका वेळी एकच वस्तू, डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठ दिवस. फेसवॉश मात्र लगेच धुऊन टाकायचे. उजव्या हातावर तुलनेसाठी साधे पेट्रोलियम जेली. रोजची नोंद वहीत.

भाचीचा संशय सनस्क्रीनवर होता, कारण ते लावताना किंचित चरचरले होते. ते ती कायमचे सोडणार होती. पण सनस्क्रीन आठ दिवस निर्दोष राहिले. फेसवॉश आणि सीरमही सुटले. चौथ्या फेरीत तिसऱ्या दिवशी डावा हात लाल झाला, उजवा मात्र स्वच्छ. आरोपी निघाले ते तिला सर्वांत आवडलेले सुगंधी क्रीम! वेष्टणावरची घटकांची यादी डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी सुगंधी द्रव्यांवर बोट ठेवले. यापुढे काय टाळायचे, ते तिला आता कळले आहे. चार आठवड्यांहून अधिक वेळ लागला. पण उत्तर मिळाले.

तुम्हीही करून पहा

हा प्रयोग मात्र त्वचेवर करायचा नाही. एकाच रंगाच्या घोटीव कागदाच्या चार पट्ट्या घ्या आणि प्रत्येकीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बसवा. पहिल्या तुकड्यावर काही लावू नका. दुसऱ्यावर पेट्रोलियम जेली, तिसऱ्यावर सनस्क्रीनचा पातळ लेप, चौथ्यावर तेवढ्याच जागेत दुप्पट लेप लावा. चारही पट्ट्या आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. नंतर प्लास्टिक काढून, मागे क्रमांक टाकून, पट्ट्या मिसळा आणि प्रयोगाची माहिती नसलेल्या मित्राला रंगाच्या गडदपणाप्रमाणे लावायला सांगा. त्याला माहिती का द्यायची नाही? आणि पेट्रोलियम जेलीची पट्टी कशासाठी? उत्तरे वर्गात चर्चा करून शोधा.

भाचीची पेटी अजूनही दरमहा येते. फरक एवढाच, की आता तिच्या शेजारी एक वही असते.