तारा लुकलुकतो, दुर्बीण त्याला स्थिर करते!

तारे लुकलुकताना पाहायला मुलांना मजा वाटते. खगोलशास्त्रज्ञांना मात्र तेच नको असतं. असं का?

दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याची लाट जवळपास सपाट असते. लाटेच्या या पुढच्या पृष्ठभागाला 'तरंगाग्र' म्हणतात. वातावरणात शिरल्यावर गरम-थंड हवेतून जाताना लाटेचा काही भाग मागे पडतो, काही पुढे जातो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर समोरचं दृश्य थरथरतं ना, तसंच हे. त्यामुळे हवाई बेटावरच्या केक वेधशाळेचा 10 मीटरचा आरसा प्रकाश भरपूर गोळा करतो, पण बारकावे दाखवताना हौशी लोकांच्या छोट्या दुर्बिणीइतकाच अडतो.

यावर उपाय हॉरेस बॅबकॉक या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1953 मध्येच सुचवला होता: लाट जितकी वाकली, तितकाच आरसा उलटा वाकवा. पण लाट किती वाकली हे कळणार कसं? कॅमेऱ्याला फक्त उजेड कळतो, लाटेचा आकार नाही.

इथे 'शॅक-हार्टमन सेन्सर' कामाला येतो. त्यात बारीक भिंगांची जाळी असते. प्रत्येक भिंग ताऱ्याचा एक ठिपका पाडतं. लाट सपाट असेल तर ठिपके रांगेत बसतात. लाट जिथे कलली, तिथला ठिपका सरकतो. जास्त कलली तर जास्त सरकतो. सगळ्या ठिपक्यांचं सरकणं मोजून कॉम्प्युटर लाटेचा आकार काढतो आणि आरशाला हुकूम देतो. हवा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून हे सेकंदाला शेकडो वेळा करावं लागतं. चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'च्या एका दुर्बिणीत असा पातळ आरसा 1170 ठिकाणांहून वाकवता येतो.

अडचण एकच. मोजायला जवळपास तेजस्वी तारा हवा, आणि तो दरवेळी नसतो. मग पिवळा लेझर सोडून सुमारे 90 किलोमीटर उंचीवरचे सोडियमचे अणू चमकवतात. झाला कृत्रिम तारा तयार! तरीही संपूर्ण चित्र डावी-उजवीकडे किती हललं हे लेझर सांगू शकत नाही, कारण तो वर जाताना आणि खाली येताना त्याच हवेतून जातो. त्यासाठी एखादा मंद का होईना, खरा तारा लागतोच.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक तारा सुमारे 16 वर्षांत फेरी मारतो. त्याची वाट इतकी नेमकी मोजता आली ती याच तंत्रामुळे. तिथे सूर्याच्या सुमारे 40 लाख पट वस्तुमानाची अदृश्य वस्तू आहे, हे त्यातून पक्कं झालं. या शोधासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना 2020 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

या कामात महाराष्ट्रही मागे नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 1.5 मीटरच्या दुर्बिणीवर 'रोबो-एओ' ही स्वयंचलित यंत्रणा बसली, ती कॅलटेक आणि पुण्याच्या 'आयुका'ने मिळून बनवली होती. घरात कुणाला विज्ञानाची आवड असेल, तर ही वाट पुण्यातूनही जाते हे त्याला किंवा तिला जरूर सांगा.