आमच्या माघारी कोण?

ज्या घरात बुद्धीची वाढ खुंटलेला मुलगा वा मुलगी आहे, त्या घरच्या आईबापांची झोप एका प्रश्नाने उडालेली असते: ‘आमच्या माघारी याचे कोण करील?’ मूल लहान असते तोवर शाळा असते, लोकांची मायाही असते. अठरावे उलटले की दोन्ही आटू लागतात.

वऱ्हाडात या प्रश्नाला एका माणसाने उत्तर दिले. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर गाव आहे. गाडगेबाबांना गुरुस्थानी मानणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी तेथे बेवारस मतिमंद व मूकबधिर मुलांसाठी बालगृह चालविले. बालगृहातील मुलाने अठराव्या वर्षी बाहेर पडावे, असा कायदा. पण ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याने जावे कोठे? शंकरबाबांनी मुलांना बाहेर काढले नाही. १२३ मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले आणि अशांना आजन्म आसरा देणारा कायदा व्हावा म्हणून आग्रह धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु नुसत्या नावाने रोजचा दिवस निभत नाही. त्यासाठी जवळ राहणारा मदतनीस लागतो. त्याचे काम म्हणजे न्हाऊ घालणे नि भरवणे, एवढेच पुष्कळांना वाटते. खरे कसब आहे ते आपला हात वेळेवर थांबवण्यात! सदऱ्याची बाकीची बटणे आपण लावावी, शेवटचे त्याच्यासाठी ठेवावे. ते साधले की शेवटची दोन. एका बटणाला महिनाही लागेल. पण ते बटण मग जन्मभर त्याचे. तिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणू नये. पोहे हवेत की उपमा, ते त्यालाच विचारावे. बोलता न येणारा अकस्मात चिडला, तर हट्ट म्हणण्यापूर्वी दाढ दुखते का, ते पाहावे. फिट आली तर कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा.

आईबापांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अपत्य अठरा वर्षांचे झाले की त्यांचे कायदेशीर पालकत्व संपते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेल्या व बहुविकलांग प्रौढांसाठी पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आपण धडधाकट असतानाच तो करावा.

पालक कागदावर नेमता येतो; मदतनीस मात्र घडवावा लागतो. आपली मुलगी या कामाला निघाली, तर ‘एवढे शिकून हेच का?’ असे आपणच म्हणतो. ज्याच्या हाती लेकरू सोपवायचे, त्याला शिक्षण, पुरता पगार आणि मान नको का? अकोल्या-अमरावतीच्या वस्त्यावस्त्यांतून अशी दोन-दोन जाणती माणसे उभी राहिली, तर कित्येक म्हाताऱ्या आईबापांना रात्री स्वस्थ झोप लागेल.