काळदुर्ग चढायला किती वेळ लागेल? मॉडेल समजून घेण्यासाठी एक छोटं गणित

समजा, नवापूरच्या दहा जणांचा गट काळदुर्गावर निघालाय. बोईसरहून लोकलने पालघर, तिथून मनोर रस्त्याने वाघोबा खिंड आणि पुढे जंगलातून चढ. अंधाराच्या आत खाली यायचंय. मग चढायला सुरुवात किती वाजता करायची? ‘लागतील दोनेक तास’ हा झाला नुसता अंदाज. तो कशाच्या आधारावर केला हे मांडता आलं, की त्याचं मॉडेल होतं.

असं एक मॉडेल स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलं: दर तीन मैलांना एक तास आणि दर २००० फूट चढाला आणखी एक तास. मेट्रिकमध्ये ढोबळमानाने ५ किमीला एक तास, ६०० मीटर चढाला एक तास. उदाहरणापुरतं ३ किमी अंतर आणि ३०० मीटर चढ धरू (खरे आकडे नकाशावरून काढा). उत्तर येतं ३६ + ३० = ६६ मिनिटं.

दुसरं मॉडेल भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉबलर यांचं, १९९३ चं. यात चढ वाढतो तसा वेग घातांकी पद्धतीने घटतो. सर्वाधिक वेग ताशी ६ किमी, आणि तो सपाटीवर नाही, तर सुमारे ५ टक्के उतारावर! आपला चढ सगळीकडे १० टक्के धरला, तर वेग येतो ताशी साधारण ३.५५ किमी, म्हणजे ५१ मिनिटं. पायवाट नसेल तर वेगाला ०.६ ने गुणा, असंही टॉबलर सांगतात. मग होतात ८५ मिनिटं.

आता गंमत बघा. डोंगर तोच, उत्तरं तीन: ५१, ६६, ८५. ‘बरोबर कोणतं?’ हा प्रश्न इथे घाईचा आहे. आधी विचारा, कोणत्या मॉडेलने काय गृहीत धरलंय? कोकणातला दमटपणा, पाठीवरचं पाणी, फोटोसाठीचे थांबे यांपैकी काहीच या सूत्रांत नाही. शिवाय दोन्ही सूत्रं एका माणसाची आहेत. गट मात्र सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेळेत पोहोचतो, सरासरी वेळेत नाही. माणसं वाढली की कुणीतरी जास्त सावकाश असण्याची शक्यताही वाढते. म्हणजे गटाची वेळ काढताना सरासरी घेणं हीच चूक ठरते.

मग करायचं काय? निघण्याआधी अंदाज लिहून ठेवा. वाटेत चालण्याची आणि थांबण्याची वेळ वेगवेगळी नोंदवा. पहिल्या किलोमीटरच्या नोंदींवरून मॉडेल आपल्या गटापुरतं जुळवून घ्या आणि उरलेल्या दोन किलोमीटरवर तपासा. ज्या नोंदींवरून मॉडेल जुळवलं, त्यांच्यावरच ते तपासलं, तर ते बरोबर दिसणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही. पीएचडीच्या प्रबंधातसुद्धा परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

आणि एक गोष्ट खालीच ठरवा: किती वाजता, माथा आला नसला तरी, परत फिरायचं. माथा समोर दिसायला लागला की ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणणारे निघतातच. संशोधनात डेटा गोळा करणं कधी थांबवायचं, हेही असंच आधी ठरवतात. हवं ते उत्तर जवळ आल्यासारखं वाटतं, तेव्हा थांबण्याचा निर्णय नीट घेता येत नाही. डोंगरात त्याची किंमत जास्त असते: काळोखात, जंगलातून, दहा जणांना घेऊन उतरायचं असतं.