रोग बरा झाल्यानंतर

औषधानें रोग गेला म्हणजे रोग्याची सुटका झाली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कुष्ठरोगाच्या बाबतींत मात्र ती अपुरी ठरते. तेथें दीर्घकाळची शुश्रूषा पुष्कळदां रोग गेल्यानंतरही चालू ठेवावी लागते. असें कां, हें आपण पाहूं.

या रोगाचे जंतु नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सन यांनीं १८७३ सालीं शोधून काढले. अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविली. या उपचारानें रोगी सामान्यतः ६ किंवा १२ महिन्यांत बरा होतो, व सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो. परंतु उपचारास विलंब झाल्यास मज्जातंतु निकामी होऊन हातापायांस बधिरता येते, आणि ती बहुधा कायमची असते.

बोटें रोगानेंच झडतात असा पूर्वीं समज होता. १९४६ सालीं वेलोर येथें आलेले शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांस निराळेंच कारण आढळलें. ज्यास चटका कळत नाहीं, तो तापलेलें भांडें तसेंच उचलतो. ज्यास कांटा बोंचत नाहीं, तो त्यावर दिवसभर चालतो. कित्येकांचीं बोटें रात्रीं उंदीर कुरतडीत, तरी त्यांस जाग येत नसे! अशा जखमा चिघळून हाडें झिजत. तात्पर्य, वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती निघून गेली म्हणजे तिचें काम डोळ्यांस करावें लागतें.

म्हणून बऱ्या झालेल्या मनुष्यानें रोज तळवे नीट तपासावे, पाय पाण्यांत भिजवावे, घट्टे खरडून तेल लावावें व मऊ रबराच्या तळाचीं, खिळे नसलेलीं पायताणें वापरावीं. चुलीवरील भांडें फडक्यानेंच धरावें. हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. परंतु ते जन्मभर चालवावे लागतात, आणि घरच्या माणसांचें साह्य नसेल तर ते सुटतात.

वांकलेल्या बोटांसाठीं डॉ. ब्रँड यांनीं शस्त्रक्रिया योजिली. शाबूत स्नायूची कंडरा वळवून ती बोटांस जोडावयाची, व पुढें व्यायामानें हातास नवें काम शिकवावयाचें. परंतु सुधारलेल्या हातास काम कोण देणार? बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन वसवून याचें उत्तर दिलें. तेथें समाजानें टाकलेल्या माणसांनींच विहिरी खणल्या, शेतें पिकविलीं व स्वकष्टाची भाकरी खाल्ली.

कायदाही हळूहळू पालटला. रोगमुक्त कुष्ठरुग्णांस १९९५ च्या कायद्यानें अपंगांच्या हक्कांत स्थान मिळालें. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यांत आलें. तथापि शेजाऱ्याच्या मनांतील भीति कायद्यानें जात नाहीं. ती ज्ञानानेंच जाईल.

विद्यार्थिमित्रांनो, अंगावर फिकट किंवा तांबूस, बधिर चट्टा दिसल्यास लाज न धरतां तो दवाखान्यांत दाखवावा. वेळीं उपचार झाला तर हातपाय शाबूत राहतात. आणि ज्यांस तो वेळीं लाभला नाहीं, त्यांस दयेपेक्षां शेजार व काम यांची अधिक गरज आहे, हें आपण विसरूं नये.