मुंबई किती दूर आहे ?

मोठें विमान ताशी सुमारें ८०० किलोमीटर वेगानें उडतें. आपल्या छत्रपति संभाजीनगरापासून मुंबई हवाई मार्गानें सुमारें २८० किलोमीटर आहे. भागाकार केला असतां एकवीस मिनिटें येतात. परंतु वेळापत्रकांत सुमारें एक तास लिहिलेला असतो. मग चूक कोणाची ? गणिताची कीं विमानाची ?

प्रथम अंतर पाहूं. चिकलठाणा व मुंबई येथील विमानतळांच्या अक्षांशांत ०.७७ अंशांचा फरक आहे. एका अक्षांशास १११ किलोमीटर धरिले तर उत्तर-दक्षिण अंतर ८६ किलोमीटर होतें. रेखांशांत २.५३ अंशांचा फरक आहे; रेखांश ध्रुवांकडे एकवटत जात असल्यामुळें आपल्याकडे एका अंशाचे सुमारें १०५ किलोमीटरच भरतात, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर २६६ किलोमीटर. या दोन भुजांवर काटकोन त्रिकोण काढा. त्याचा कर्ण २८० किलोमीटरांच्या जवळपास येईल. आगगाडीस मात्र असा कर्ण घेतां येत नाहीं. इ. स. १९०० मध्यें सुरू झालेल्या लोहमार्गानें ती आधीं वायव्येस मनमाडास जाते, आणि मग नासिकवरून कसाऱ्याचा घाट उतरते. तिला सुमारें ३७५ किलोमीटर तोडावे लागतात.

आतां वेळ. वेळापत्रकांतील तास हा केवळ उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या जागेवरून हललें कीं तो सुरू होतो, आणि दुसऱ्या विमानतळावर जागीं उभें राहिलें कीं संपतो. धांवपट्टीपर्यंत सावकाश जाणें, पाळीची वाट पाहणें, उंची गाठणें, पुन्हां खालीं येणें, हें सर्व त्यांत येतें. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळीं वापरतां येत नाहींत. गर्दी असल्यास विमानास आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात. एवढ्या थोड्या अंतरांत पूर्ण वेग कांहीं मिनिटेंच टिकतो. समोरून वारा असल्यास तोही कांहीं वेळ खातो.

पालकांनीं याहून पुढचा हिशेब करावा. बजाजनगर शहराच्या पश्चिमेस, तर विमानतळ पूर्वेस. म्हणजे सगळें शहर ओलांडणें आलें. त्यास एक तास, सामान देणें व तपासणी यांस दीड तास, प्रवासास एक तास, आणि मुंबईंत उतरून इच्छित स्थळीं पोहोंचण्यास दीड तास धरिला, तर बेरीज पांच तास होते. आगगाडीस सुमारें सहा-सात तास लागतात. लाभ आहे, पण एकवीस मिनिटांचा भागाकार सुचवितो तेवढा खचित नाहीं.

ही केवळ अंकांची करमणूक नव्हे. मुंबईस सकाळीं दहा वाजतां मुलाची परीक्षा असेल, अथवा आजाऱ्यास ठरलेल्या वेळीं वैद्यास दाखवावयाचें असेल, तर घरून केव्हां निघावें हें या बेरजेवरच ठरतें. एकवीस मिनिटांवर विसंबणारा हमखास उशिरा पोहोंचेल.

सारांश, गणित चुकलेलें नाहीं आणि विमानही मंद नाहीं. एकवीस मिनिटें हें खरेंच उत्तर आहे. मात्र तें विमान सर्वकाळ पूर्ण वेगानें उडतें असें मानून विचारलेल्या प्रश्नाचें आहे. उदाहरण सोडविण्यापूर्वीं आपण काय मोजीत आहों, हें आधीं नीट ठरवावें.